पापणीची शस्त्रक्रिया आणि मागे उरलेली रुखरुख

पापणीच्या सौंदर्य-शस्त्रक्रियेनंतर त्रास होत असलेला रुग्ण माझ्या दवाखान्यात येतो, तेव्हा तो बहुधा त्या त्रासासाठी आलेला नसतो. तो रक्तदाब मोजून घ्यायला येतो, झोपेची गोळी मागायला येतो, किंवा ‘हल्ली डोकं जड असतं’ असे सांगतो. डोळ्यांवर गडद चष्मा असतो आणि खोलीत आल्यावरही तो उतरत नाही. चष्मा काढायला सांगितला की क्षणभर शांतता पसरते आणि मग पहिले वाक्य बहुतेक वेळा एकच असते : “डॉक्टर, घरी काही बोलू नका.”

साठी-सत्तरीच्या माणसांनी अशी शस्त्रक्रिया करून घेणे आता नवलाचे राहिलेले नाही. कोणाच्या मुलाचे लग्न ठरलेले असते, कोणाला परदेशातल्या नातवंडांशी व्हिडिओ कॉलवर बोलताना स्वतःचा चेहरा रोज दिसू लागलेला असतो, तर कोणाच्या पापण्या खरोखरच इतक्या उतरलेल्या असतात की वाचताना भुवया उचलून धराव्या लागतात. यात गैर काही आहे असे मला वाटत नाही. केस काळे करणे, कवळी बसवणे हे आपण केव्हाच स्वीकारले. उतारवयात माणसाने नीटनेटके दिसू नये, असा नियम कोठे लिहिलेला नाही. ज्यांची शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडते, आणि ते बहुसंख्य असतात, ते या कारणासाठी माझ्याकडे येतच नाहीत. आजचे लेखन उरलेल्यांसाठी आणि त्याहूनही अधिक त्यांच्या घरच्यांसाठी आहे. कारण मला वारंवार दिसते ते असे, की गुंतागुंत पुष्कळदा आटोक्यात आणण्याजोगी असते. पण ‘हौस नडली’ हे ऐकावे लागेल या शरमेपायी माणूस ती लपवतो, आणि तेवढ्या अवधीत डोळ्याचे नुकसान होते.

मी नेत्रतज्ज्ञ नव्हे, कुटुंबाचा डॉक्टर आहे. पापणी मी शिवत नाही. परंतु ज्याने ती शिवली तो सर्जन मोठ्या शहरात असतो, आणि रात्री अकरा वाजता डोळा लाल झाला तर दार वाजते ते माझे. त्या दाराशी उभे राहून जे दिसते, तेच येथे लिहीत आहे.

या शस्त्रक्रियेला ब्लेफरोप्लास्टी म्हणतात. जर्मन शल्यविशारद कार्ल फर्डिनांड फोन ग्रेफे यांनी १८१८ मध्ये हा शब्द वापरला, तेव्हा हेतू सौंदर्याचा नव्हता. बिघडलेली पापणी पुन्हा घडवणे हा होता. आज वरच्या पापणीवर लोंबणारी जादा त्वचा आणि कधी थोडी चरबी काढतात. खालच्या पापणीत डोळ्यांखालच्या पिशव्यांमधील चरबी काढतात किंवा ती पसरवून खोलगट भागावर बसवतात. बऱ्याचदा तेवढाच भाग बधिर करून काम होते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी येतो. सकाळी गेलेले माणूस संध्याकाळी चहाला घरी, त्यामुळे घरातल्यांना वाटते की हे दात काढण्यासारखेच काही असावे.

प्रत्यक्षात हा हिशेब मिलिमीटरचा आहे. पापणीची त्वचा शरीरातील सर्वांत पातळ त्वचा. तिची जाडी एक मिलिमीटरहूनही कमी. डोळा जागेपणी मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा लवतो, आणि प्रत्येक वेळी पापणी अश्रूंचा पातळ थर बुबुळावर सारवून जाते. डोळा पूर्ण मिटावा यासाठी भुवई आणि पापणीचे केस यांच्यामध्ये साधारण २० मिलिमीटर त्वचा शिल्लक ठेवावी, असा सर्जनांचा संकेत आहे. उतारवयात आणखी एक अडचण असते. पापणीवर दिसणारी घडी पुष्कळदा निव्वळ पापणीची नसते. भुवईच खाली उतरलेली असते. अशा वेळी घडी दिसते म्हणून पापणीचीच त्वचा अधिक कापली, तर डोळा मिटायला ती अपुरी पडते.

नंतरच्या काळात काय साहजिक आहे आणि काय नाही, हे घरातल्या एका तरी माणसाने जाणून घ्यावे. पहिले दोन-तीन दिवस सूज वाढत जाते. तिसऱ्या दिवशी आरशात पाहणाऱ्याला आपले वाटोळे झाले असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. काळेनिळे डाग गालापर्यंत उतरतात, पिवळे पडतात आणि साधारण दहा ते चौदा दिवसांत जातात. बरीचशी सूज दोन-तीन आठवड्यांत ओसरते, उरलेली रेंगाळते. व्रणाची लाली काही महिने टिकते आणि तो फिका पडायला सहा महिने ते वर्ष लागते. टाक्यांच्या रेषेवर खसखशीएवढे पांढरे दाणे येतात. ते निरुपद्रवी असतात आणि डॉक्टर सुईने सहज काढतात. कधी डोळ्याच्या पांढऱ्या भागावर पाणी भरल्यासारखी, जेलीसारखी सूज येते. ती पाहून घरचे घाबरतात. ती दाखवावी अवश्य, पण बहुतेक वेळा थेंबांनी काही आठवड्यांत उतरते. आणि दोन डोळे अगदी एकसारखे नाहीत हे लक्षात येणे, हा तर ठरलेला अनुभव. ते आधीही एकसारखे नव्हते. कोणाचेच नसतात. आपण आता निरखून पाहू लागलेलो असतो इतकेच.

मात्र पहिल्या चोवीस तासांत एक गोष्ट अशी आहे की जिच्यासाठी सकाळची वाट पाहायची नाही. एका डोळ्यात दुखणे वाढत जाते, वेदनाशामक गोळीने थांबत नाही, डोळा पुढे आल्यासारखा आणि दगडासारखा ताठ वाटतो, दिसणे अंधुक होते किंवा एकाचे दोन दिसतात. ही डोळ्यामागे रक्तस्राव होत असल्याची लक्षणे असू शकतात. हे अत्यंत विरळा घडते. अमेरिकेतील सर्जनांच्या एका पाहणीत असा रक्तस्राव दोन हजारांत सुमारे एक इतका आढळला आणि कायमची दृष्टी जाणे त्याहून कितीतरी दुर्मीळ. पण घडले तर साचलेल्या रक्ताच्या दाबाने डोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि हातात दीड-दोन तासच असतात. सर्जनला फोन लावावा आणि फोन लागेपर्यंत थांबून न राहता नेत्रतज्ज्ञ उपलब्ध असलेल्या जवळच्या रुग्णालयाकडे निघावे. पहिल्या रात्री अधूनमधून एकेक डोळा झाकून बोटे मोजायला लावावीत. आजोबा कुरकुर करतील, करू द्यावी.

रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांविषयी येथेच सांगतो. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन ही औषधे चालू असल्याचे सर्जनला आधी सांगायलाच हवे. आणि ती कोणाच्या तरी सांगण्यावरून परस्पर बंद करायची नाहीत. हृदयात स्टेंट असलेल्याने पापणीसाठी गोळी सोडली आणि हृदयविकाराचा झटका आला, हा सौदा कोणालाच परवडणार नाही. हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन यांनी एकमेकांशी बोलून ते ठरवावे. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, लसणाच्या गोळ्या, व्हिटॅमिन ई हीसुद्धा ‘औषधे’ आहेत; विचारले नाही म्हणून सांगितले नाही, असे करू नये.

आता ज्या गुंतागुंतीमुळे हा लेख लिहावासा वाटला, तिच्याकडे येतो.

एक निवृत्त शिक्षिका, वय ६४. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलाच्या लग्नाआधी तीन महिने त्यांनी दोन्ही वरच्या पापण्यांची शस्त्रक्रिया करून घेतली. लग्नातले फोटो सुरेख आले. त्यानंतर महिन्याभराने त्या माझ्याकडे रक्तदाबासाठी आल्या, सोबत यजमान. डोळे लाल, पाणी सतत गळणारे, हातात चुरगळलेला रुमाल. यजमान म्हणाले, “डॉक्टर, ही सारखी रडत असते. मी म्हणतो, झालं ते झालं, आता रडून काय उपयोग?” बाई गप्प होत्या. यजमानांना जरा बाहेर बसायला सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, “मी रडत नाही हो. पाणी आपोआप येतं. पण डोळे दुखतात म्हटलं, तर मग सगळंच ऐकावं लागेल. त्यापेक्षा रडतेय असं वाटलेलं बरं.”

डोळ्यांतून पाणी येते म्हणजे डोळा ओला आहे, असा आपला समज असतो. उलट डोळा फार कोरडा पडला, की त्याला टोचते आणि मेंदू घाईघाईने पाणचट अश्रूंचा लोट सोडतो. तो गालावरून वाहून जातो. बुबुळावर ठरत नाही. म्हणून पाणी गळते आणि कचकचही थांबत नाही. संध्याकाळी वाढणारी कचकच, वारा लागला की पाणी, सकाळी उठल्याउठल्या डोळे उघडताना चरचर, ही सारी कोरडेपणाची भाषा आहे.

सकाळची चरचर ऐकून मी यजमानांना आत बोलावले आणि विचारले, “रात्री झोपेत यांचे डोळे पूर्ण मिटलेले असतात का?” त्यांनी थोडा विचार केला. “नाही. अर्धवट उघडे असतात, पांढरं दिसतं. मला वाटायचं जागीच आहे. बोललो तर पुन्हा तोच विषय निघेल, म्हणून मी कूस बदलून झोपून जायचो.”

झोप लागली नाही की आपण ‘पापणीला पापणी लागली नाही’ असे म्हणतो. येथे झोप लागत होती. पापणीला पापणी मात्र खरोखरच लागत नव्हती. डोळा पूर्ण न मिटण्याला वैद्यकात लॅगोफ्थॅल्मॉस म्हणतात. ग्रीक भाषेत ‘लागोस’ म्हणजे ससा. ससा उघड्या डोळ्यांनी झोपतो या जुन्या समजुतीवरून हे नाव पडले. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत सुजेमुळे थोडी फट राहणे आढळते आणि ती आपोआप मिटत जाते. परंतु फट टिकली तर रात्रीचे सहा-सात तास बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, उघडा राहून सुकतो. शिक्षिकाबाईंना मी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. डोळ्यांत रंगद्रव्य घालून निळ्या प्रकाशात पाहिल्यावर कॉर्नियाचा खालचा भाग ठिपक्याठिपक्यांनी खरवडलेला दिसला. जखम अजून वरवरची होती. दिवसा थेंब, रात्री मलम आणि पापणी चिकटपट्टीने मिटवणे, एवढ्यावर निभावले. मलम आजही लागते. पण लाली गेली, रुमालही गेला. आणि घरात त्या विषयावर बोलणे सुरू झाले. पहिले काही दिवस भांडणाच्या सुरात, असे मला नंतर कळले.

तेव्हा घरच्यांनी एक साधी गोष्ट करावी. माणूस गाढ झोपले असताना बाजूने पाहावे, पांढरी फट दिसते का. जागेपणी पाहायचे तर ‘झोपल्यासारखे हलकेच मिटा’ असे सांगावे. ‘घट्ट मिटा’ म्हटले तर कोणीही जोर लावून मिटेल आणि फट लपेल. फट दिसली तर ती लांबून, डोळे मिटवून घेत, मोबाइलवर टिपून डॉक्टरांना दाखवावी. डोळा दुखणे, प्रकाश सहन न होणे, धूसर दिसणे किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसणे ही त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठण्याची लक्षणे आहेत, कारण तो कॉर्नियावरील व्रण असू शकतो. मधुमेहींच्या घरच्यांनी येथे अधिक जागरूक राहावे. जुन्या मधुमेहात कॉर्नियाची संवेदना कमी झालेली असू शकते. व्रण असूनही डोळा फारसा दुखत नाही. ‘दुखत नाही, मग काय घाई’ हे वाक्य त्यांच्या बाबतीत फसवे आहे.

घरातील बदल अगदी किरकोळ असतात आणि त्यांचा उपयोग औषधाइतका होतो. आपल्याकडे पलंग बरोबर पंख्याखाली असतो. तो सरकवावा, किंवा पंख्याचा वेग कमी करावा. वातानुकूलन यंत्राचा झोत चेहऱ्यावर येऊ देऊ नये. कृत्रिम अश्रूंचे थेंब दिवसातून चार वेळांहून अधिक लागत असतील, तर परिरक्षक-विरहित थेंब आहेत का असे डॉक्टरांना विचारावे, कारण बाटलीतले परिरक्षक रसायनच कोरड्या डोळ्याला बोचते. रात्रीचे घट्ट मलम घातल्यावर दहा-पंधरा मिनिटे अंधुक दिसते. त्यामुळे ते झोपण्याच्या अगदी आधी, स्वच्छतागृहात जाऊन आल्यावर घालावे. नाहीतर म्हाताऱ्या माणसाचे डोळ्याचे दुखणे खुब्याच्या अस्थिभंगावर जायचे. चिकटपट्टी कशी लावायची हे डॉक्टरांकडून एकदा शिकूनच घ्यावे. नीट न लावलेली पट्टी सुटते आणि उघड्या बुबुळावर घासते. दुचाकीवर मागे बसताना बाजूने बंद असलेला चष्मा लावावा. फोडणीचा ठसका काही आठवडे दुसऱ्या कोणी सोसावा.

डोळ्यांत मध, तूप, एरंडेल, गुलाबपाणी, घरचे काजळ, सुरमा काहीही घालू नये. आजीच्या काळात चालत असे, हा युक्तिवाद मला मान्य आहे. आजीच्या डोळ्यावर कात्री चाललेली नव्हती. आणि औषधाच्या दुकानातून ‘लाली जाण्याचे थेंब’ परस्पर आणू नयेत. त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. दोन दिवसांत लाली जाते म्हणून माणूस खूश होतो, महिनोन् महिने थेंब चालू ठेवतो, आणि डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू किंवा मोतीबिंदू ओढवून घेतो. कॉर्नियावर जंतुसंसर्ग असेल तर तेच थेंब तो पसरवतात.

खालच्या पापणीविषयी थोडक्यात. उतारवयात ती आधीच सैल असते. शस्त्रक्रियेनंतर ती खाली ओढली गेली तर बुबुळाखाली पांढरी पट्टी दिसते, डोळा टक लावल्यासारखा वाटतो; किंवा पापणीची कड बाहेर वळते आणि पाणी गालावर ओघळते. सौम्य ओढ मालिश आणि काळाने सुधारते, पण मालिश सर्जनने दाखवल्याप्रमाणे आणि त्याने सांगितलेल्या दिवसापासूनच. चरबी अधिक निघाली तर डोळे खोल गेल्यासारखे दिसतात, आणि मग पूर्वी ‘दमलेली’ दिसणारी व्यक्ती ‘आजारी’ दिसू लागते. हे दुःख खरे असते. त्यावर उपायही असतात, पण घाईचे नाहीत.

इथवर देहाचे झाले. पश्चात्तापाला मात्र थेंब नाहीत, आणि त्यात घरातील बोलण्याचा वाटा फार मोठा असतो. ‘या वयात हे कशाला हवं होतं?’, ‘एवढे पैसे पाण्यात घातले’, ‘मी तेव्हाच सांगत होतो’. ही वाक्ये बोलणाऱ्याला वाटते की आपण मन मोकळे केले. ऐकणारे माणूस त्या दिवसापासून डोळ्यांविषयी बोलणे बंद करते. निर्णय चूक होता की बरोबर, हा वाद घालायचाच असेल तर डोळा बरा झाल्यावर घालावा. आज डोळ्याला मलम हवे आहे, आणि ते घालायला कोणाचा तरी हात हवा आहे. उलट टोकाचे आश्वासनही तितकेच निरुपयोगी. ‘छे गं, काही दिसत नाही’ असे म्हटल्याने समोरच्याला धीर येत नाही. आपल्याला दिसते ते यांना दिसत नाही, म्हणजे आपण एकट्याच, असे तिला वाटते. त्यापेक्षा ‘हो, उजवा डोळा थोडा ओढलेला दिसतो. गुरुवारी डॉक्टरांना विचारू’ हे बरे. त्यात सत्यही आहे आणि गुरुवारही आहे.

कधी गुंतागुंत काहीच नसते, तरी रुखरुख असते. साठीला टेकलेल्या एक बाई मला आठवतात. शस्त्रक्रिया उत्तम झाली होती, व्रण शोधूनही सापडत नव्हता. त्या म्हणाल्या, “आमच्या आईचे डोळे असेच होते, वरून उतरलेले. तिला जाऊन बारा वर्षं झाली. आरशात पाहिलं की ती दिसायची, हे मला पापण्या उचलल्यावर कळलं.” यावर मी काय सांगणार? सर्जनची चूक नव्हती, बाईंचीही नव्हती. काढलेली त्वचा परत येत नाही. त्या घरी हे कोणाला सांगू शकल्या नव्हत्या, कारण सगळे ‘किती छान दिसतेस’ म्हणत होते. मी त्यांना एवढेच सुचवले की बहिणीला सांगा, ती त्याच आईची मुलगी आहे. त्यांनी सांगितले. दोघी फोनवर तासभर रडल्या, असे त्यांनी पुढल्या खेपेस सांगितले, आणि मग गुडघ्याविषयी बोलू लागल्या.

रुखरुख बहुतेकांची काही महिन्यांत निवते. चेहऱ्याची नवी ओळख पटायला तेवढा वेळ लागतोच. परंतु माणूस तासन् तास आरशासमोर उभे राहते, जुने फोटो काढून मिलिमीटर मोजते, देवळात-लग्नकार्यात जाणे सोडते, झोप आणि अन्न तुटते, ‘जगून काय करायचं’ अशी भाषा येते, तेव्हा ती रुखरुख राहिलेली नसते. तो आजार असतो. तो नैराश्याचा असू शकतो. कधी तो आधीपासूनच असतो. जोडीदार गेल्यानंतरचे किंवा निवृत्तीनंतरचे उदास वर्ष चेहऱ्याच्या माथी मारले जाते, पापण्या उचलल्या तरी उदासी तशीच उरते. आणखी एक विकार असा आहे, की त्यात दुसऱ्या कोणाला जाणवतही नाही असे व्यंग माणसाला सतत छळते. अशा व्यक्तीला पुन्हा केलेल्या शस्त्रक्रियेनेही क्वचितच समाधान लाभते. तिसऱ्या सर्जनचा शोध सुरू झाला असेल, तर घरच्यांनी आधी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्यावी. शासनाची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा निघाली तर माणसाला एकटे सोडू नये, आणि वेळ मिळण्याची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

दुरुस्तीची शस्त्रक्रिया करायची असेल, तर सूज ओसरून व्रण मऊ होईपर्यंत, साधारण सहा महिने, बहुतेक सर्जन थांबायला सांगतात. कॉर्निया धोक्यात असेल तर गोष्ट वेगळी. मग थांबायचे नसते. दुसरे मत घेताना पापण्यांच्या शस्त्रक्रियेचे खास प्रशिक्षण घेतलेले नेत्रतज्ज्ञ, म्हणजे ऑक्युलोप्लास्टी सर्जन, शोधावेत. शस्त्रक्रियेपूर्वीचे फोटो आणि कागदपत्रे सोबत न्यावीत. रुग्णाने मागणी केल्यावर डॉक्टरांनी ७२ तासांत नोंदी द्याव्यात, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांत म्हटले आहे, त्यामुळे मागायला संकोच करू नये. तक्रार करायची की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय. महाराष्ट्र वैद्यक परिषद आहे, ग्राहक आयोगही आहे आणि तेथे दोन वर्षांची मुदत असते. गुंतागुंत झाली म्हणजे निष्काळजीपणा झालाच, असे मात्र नसते. आणि रागावून पहिल्या सर्जनकडे तपासणीलाही जायचे नाही, हे डोळ्याच्या तोट्याचे ठरते. आत नेमके काय केले ते त्यालाच ठाऊक असते.

जे अजून विचारात आहेत, त्यांनी अश्रूंची तपासणी करून घेतल्याशिवाय होकार देऊ नये. पापणीच्या कडेला कागदाची पट्टी पाच मिनिटे ठेवून ती किती मिलिमीटर भिजते ते पाहतात. इतकी सोपी चाचणी. थायरॉइडचा विकार, पूर्वी चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी केलेली लेसर शस्त्रक्रिया, काचबिंदूचे थेंब, हे सगळे सांगावे. आणि एक पापणी अचानक पडली असेल, सोबत दुहेरी दिसत असेल किंवा एक बाहुली मोठी झाली असेल, तर तो सौंदर्याचा प्रश्न नाही. तातडीने रुग्णालयात जावे. दिवस मावळताना पापणी अधिकाधिक जड होत असेल, तर स्नायूंचा विकार नाही ना, हे आधी तपासावे.

शेवटी एक सूचना. पापणीची शस्त्रक्रिया झालेल्यांची पुढे मोतीबिंदूची वेळ आली, तर ती गोष्ट त्या डॉक्टरांपासून लपवू नये. व्रण फिका पडलेला असल्याने ती त्यांच्या ध्यानात येईलच असे नाही. डोळा कोरडा असेल तर कृत्रिम भिंगाचा नंबर काढण्यासाठी घेतलेली मापे चुकू शकतात. आधी काही आठवडे कोरडेपणावर उपचार करून मगच मापे घेतात.